बाजू संपेपर्यंत

"खरं सांगू का, मला ही तबकडी कधी आवडलीच नाही," तिचा नवरा म्हणाला, आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं हसली. तीही हसली. हसणं तोंडापर्यंत आलं आणि नको त्या पाहुण्यासारखं दारातच उभं राहिलं. नवरा निवृत्त झाला होता. उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि त्या चालवायला धड आहेत की नाहीत ते ठरवायचं, ही नोकरी त्याने उभा जन्म केली होती. त्या नोकरीला निरोप म्हणून रविवारी दुपारी घरी जेवण ठेवलं होतं. नणंद आली होती, नवऱ्याच्या खात्यातले दोघे जण आले होते, लेक दुसऱ्या शहरातून रजा काढून आली होती. आणि लेकीनेच आतल्या खोलीतला जुना रेकॉर्ड प्लेअर उचलून बाहेर आणला होता, कापडात गुंडाळलेली ती करडी तबकडी लावली होती. "ज्या तबकडीने आईबाबांचं लग्न जमवलं, ती आज वाजलीच पाहिजे," ती म्हणाली होती. त्यावर नवऱ्याने ते वाक्य उच्चारलं. त्यात वाईट हेतू नव्हता. दोन घास जास्त झालेल्या, नोकरीतून सुटलेल्या माणसाचं ते मोकळं बोलणं होतं. "पहिल्यांदा हिच्या घरी गेलो तेव्हा हिने हीच लावली होती. मी सलग दोन रात्रपाळ्या करून आलेलो. खुर्ची अशी मऊ! पहिल्याच गाण्याला डोळा लागला. जाग आली तेव्हा ही माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काही पराक्रमच केलाय." नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि तू ह्याला रसिक समजलीस?" खात्यातला एक जण म्हणाला, "वहिनी, माल परत करण्याची मुदत संपली आता." पुन्हा हशा झाला. ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली. नणंदेच्या ताटात अजून अर्धं जेवण होतं, तेही तिने उचललं. "अगं, मी जेवतेय!" नणंद ओरडली, तेव्हा तिने ताट परत ठेवलं आणि पाणी आणते म्हणून आत गेली.

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर गाणं चालूच होतं. ते ऐकू येत होतं, आणि पहिल्यांदाच त्यावर माणसं बोलत होती. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं. तिला वाटत होतं ते वेगळंच. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी असावी, तसं झालं होतं. झोपला होता. डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून, हात मांडीवर सोडून तो बसला होता, ते चित्र तिने बत्तीस वर्षं जपलं होतं. आणि तो झोपला होता.

ती जिथे वाढली त्या घरात कुणी गप्प बसत नसे. वडील शिवणयंत्रांचे विक्रेते. दारोदार बोलून बोलून घसा बसायचा, तरी घरी आल्यावर तोच घसा पुन्हा चालू व्हायचा. आई शब्दाला शब्द द्यायची. दोन्ही भाऊ बापावर गेलेले. त्या घरात बोलणं ही भांडणाची पहिली पायरी होती. मीठ कमी आहे इथून सुरुवात व्हायची आणि तुझ्या माहेरच्यांनी काय दिवे लावले इथपर्यंत गाडी पोचायची. ती सगळ्यांत धाकटी. जेवताना ताटाकडे बघत राहायची आणि कुणाचा आवाज चढतोय ते आवाजाच्या कडेवरून ओळखायची. शेजाऱ्यांना वाटे, पोरगी मुखदुर्बळ आहे. आई म्हणे, "हिने जन्मतःच मिठाची गुळणी धरलीय." ती सतरा वर्षांची असताना वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीणबाई जागा सोडून गेली. जाताना एक प्लेअर आणि तबकड्यांचं एक खोकं हिच्या घरी ठेवून गेली. नवं घर लागलं की मागवून घेते, म्हणाली. तिने ते कधी मागवलं नाही. खोक्यात बहुतेक नाचाची गाणी होती. भावांनी ती महिनाभर वाजवली आणि कंटाळून सोडून दिली. तळाशी एक तबकडी होती, तिला कुणी हात लावला नव्हता. तिचं पाकीट करड्या रंगाचं होतं, त्यावर चित्र नाही, नाव नाही. मधली चिठ्ठी कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखी धुऊन गेलेली. घरातले सगळे कुठल्याशा लग्नाला गेले होते आणि ताप असल्यामुळे ती मागे राहिली होती, त्या दुपारी तिने ती लावली.

एक बाई गात होती. आवाज जाडसर, फारसा गोडही नाही. सोबत एकच वाद्य, खर्जातलं, गजाने वाजवायचं. शब्द थोडे, तेही काही ठिकाणी नुसते हुंकार. पण गाण्यांनी तिला धरलं नाही. धरलं ते गाण्यांच्या मधल्या जागांनी. इतर तबकड्यांमध्ये एक गाणं संपलं की नुसती खरखर ऐकू यायची आणि लगेच दुसरं सुरू व्हायचं. इथे गाणं संपल्यावरही ती खोली चालू राहायची. बाई श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा. खुर्ची करकरायची. वाजवणाऱ्याने गज खाली ठेवल्याचा हलका आवाज यायचा. एकदा तर लांब कुठेतरी दार लागल्यासारखं वाटायचं. आणि त्या एवढ्या वेळात कुणीही कुणाला काही म्हणत नव्हतं. दोन माणसं एका खोलीत गप्प बसली होती आणि ती भांडलेली नव्हती. तापाने अंग तापलेली ती सतरा वर्षांची मुलगी जमिनीवर आडवी पडून ते ऐकत राहिली. हे असंही असतं तर, असं तिला वाटलं. गप्प बसणं म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं नव्हे, त्यात राहता येतं, खोलीत राहावं तसं. बाजू संपली, सुई आतल्या कड्यावर टकटक करत राहिली. तिने उठून तबकडी उलटली आणि दुसरी बाजू ऐकली. संध्याकाळी घरचे परत आले तेव्हा बाप जिन्यातूनच ओरडत होता. तिच्या अंगावर काटा आला नाही. तिला आता जायला एक जागा होती.

पुढे ती जी काही झाली ती त्या दुपारने केली. इतर मुली मैत्रिणींशी तासन्तास बोलत, ही बोलणं संपायची वाट बघे. क्ष-किरणांचं तंत्र शिकायला गेली तेही त्याचमुळे. अंधाऱ्या खोलीत, एकेक माणूस, मोजकी वाक्यं. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. लग्नाचं बघायला लागले तेव्हा तिच्या ओळखीचा एक औषधदुकानदार होता. हसरा, गोष्टीवेल्हाळ, गिऱ्हाइकाच्या खोकल्यावरून त्याच्या सासूपर्यंत जाणारा. त्याला ती आवडायची, तिलाही तो थोडा आवडायचा. तिने त्याला घरी बोलावून ती तबकडी ऐकवली. तो पहिलं गाणं संपायच्या आत म्हणाला, "ही बाई गातेय की रडतेय? कुणीतरी पाणी द्या तिला." तिला हसू आलं होतं, हे तिला आजही आठवतं. पण तिने त्याला नकार दिला. भाऊ म्हणाले, वेडी आहे. त्यानंतर कुणाच्या तरी ओळखीने हा आला. लिफ्टवाला. आला, बसला, चहा प्यायला, विचारलं तेवढं बोलला. आईबाप आतल्या खोलीत गेले तेव्हा तिने तबकडी लावली. तो काही म्हणाला नाही. त्याचे डोळे मिटले. पूर्ण बाजू होईपर्यंत तो हलला नाही. खुर्ची करकरायची त्या जागी त्याच्या भुवईत एक बारीकशी हालचाल झाली, ती तिने स्वतः पाहिली. तिने मनाशी ठरवून टाकलं. सुई आतल्या कड्यावर टकटक करायला लागली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि ओशाळून हसला. त्या ओशाळण्यालाही तिने नाव दिलं होतं. तिला वाटलं, हा माणूस फार आतून परत आला.

आता ती एकेक आठवण काढून बघत होती. रविवार संपला, लेक दोन दिवस राहून परत गेली, ती रुग्णालयात कामावर जायला लागली, आणि काम करता करता काढून बघत होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो संध्याकाळी कामावरून येऊन खिडकीशी बसायचा, ती त्याच्या बाजूला बसायची. दिवा लावायचं भान दोघांनाही नसायचं. तिने आपल्या मनात म्हटलं होतं, आपण तबकडीतल्या त्या खोलीत पोचलो. म्हणजे तो तेव्हा काय करत होता? दमलेला होता? भूक लागली होती त्याला? त्याची आई गेली तेव्हा तो चार दिवस एक शब्द बोलला नाही. नणंदेने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि ही मनातल्या मनात नणंदेला जरा हलकी समजली होती. त्याचं दुःख किती खोल आहे, असं वाटून तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. हे तिला त्याला दिलेलं मोठं देणं वाटलं होतं. समोर यंत्राच्या फळीला छाती टेकवून एक म्हातारा उभा होता. "श्वास रोखून धरा," ती म्हणाली आणि बटणावर बोट ठेवून तशीच राहिली. म्हाताऱ्याने धरवेल तेवढा धरला आणि मग खोकत म्हणाला, "बाई, सोडू का आता? का जाऊच वर?" ती माफी मागून पुन्हा उभी राहिली. पडद्यावर त्याच्या फासळ्या आल्या, पांढऱ्या, ओळीने, आणि मधे काळ्या जागा. डॉक्टर लोक त्या काळ्या जागाच बघतात. तिथे काही नसेल तर सगळं ठीक.

आणि मग ती त्या एका जागेपाशी आली, जिथे जायचं ती इतके दिवस टाळत होती. लेकीच्या आधी एक मूल झालं होतं. मुलगीच. दिवस भरलेले होते, पण आत हालचाल थांबली म्हणून घाईने शस्त्रक्रिया केली. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. बाळ जन्मायच्या आधीच गेलं होतं. सासूने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं की आईला दाखवायचं नाही, बघितलं की डोक्यात बसतं. घरी आल्यावर कुणी त्या विषयावर बोललं नाही. पाळणा कुणी नेला तेही तिला कळलं नाही. तिच्या अंगाला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं, दूध यायचं. ती कपडे बदलायची आणि तबकडी लावायची. नवरा खिडकीशी बसायचा, तासन्तास बाहेर बघत. तिला चेहरा नसलेलं एक मूल होतं, आणि ते कुठेतरी ठेवायला हवं होतं. तिने ते तबकडीत ठेवलं. तिसरं गाणं संपतं आणि चौथं सुरू होतं, त्यांच्या मधे लांब दार लागल्याचा आवाज येतो, तिथे. रोज ती त्या जागेपर्यंत जायची आणि थांबायची. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या पाठीकडे बघून तिला वाटे, हाही तिथेच येतो. आम्ही दोघं रोज तिथे भेटतो, आणि त्यासाठी शब्द लागत नाहीत. ह्या एका समजुतीवर ती त्या वर्षातून पार झाली. दुसरं मूल होऊ दिलं. संसार केला. आज तिला वाटत होतं, तिथे आपण एकट्याच जात होतो की काय.

तिने लेकीला फोन लावला. लेक एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं काम करायची. कामाबाहेरही तिचं बोलणं थांबत नसे. "तुझ्या लहानपणी आपलं घर कसं होतं गं?" तिने विचारलं. लेक हसली. "आता कसं सांगू? आपल्या घरात ना, शिंक आली तरी सॉरी म्हणावंसं वाटायचं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे आईबाबा भांडलेत का? मी म्हणायचे, नाही गं, ते असेच आहेत." मग आवाज बदलून म्हणाली, "आई, तू बाबांचं ते मनाला लावून घेतलंस का? ते गंमत करत होते." "नाही गं." "बघ, परत तेच. नाही गं. अगं, चिडायचं असेल तर चीड ना एकदा!" तिने फोन ठेवला. चिडणाऱ्यांच्या घरातून पळून यायला तिला एक तबकडी पुरली होती. आता त्या वाटेने उलट कसं जातात ते तिला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी नवरा बाजारात गेला असताना तिने ती तबकडी लावली. तिला हवं होतं की ती वाईट निघावी. बाईचा आवाज रडका वाटावा, औषधदुकानदार म्हणाला होता तसा. मधल्या जागा नुसत्या खराब ध्वनिमुद्रणाच्या ठराव्यात. मग सगळ्याचाच निकाल लागला असता. वेड्या वयाचं वेड, म्हणून हात झटकता आले असते. ती कान देऊन बसली. पहिलं गाणं झालं, बाईने श्वास घेतला, खुर्ची करकरली. आणि सतरा वर्षांची असताना झालं तेच झालं. तेवढंच, जराही कमी नाही. खोली जशीच्या तशी होती, भरलेली, आणि तिला आत घेत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचीच तिला भीती वाटली. म्हणजे ह्या गाण्याला कुणी लागत नव्हतं. नवरा झोपलेला असो की जागा, मूल असो की नसो, ती बाई तिथे तशीच श्वास घेणार होती. जे इतकं पुरेसं असतं, त्याच्या शेजारी दुसरं माणूस घेऊन बसायची गरज तिला कधी पडली तरी होती का? तिसरं गाणं संपत आलं तेव्हा तिने उठून सुई उचलली. त्या जागेपर्यंत ती गेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतरच्या आठवड्यात क्ष-किरणांचं यंत्र बिघडलं आणि ती दुपारीच घरी आली. नवरा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो बूट घालून कुठे जात नव्हता, पण सवय जात नव्हती. "लवकर आलीस? बरं नाही का?" "मशीन बंद पडलं." "आमच्यासारखंच," तो म्हणाला आणि बुटाच्या टाचेला ब्रश मारू लागला. ती चप्पल काढून समोरच्या खुर्चीत बसली. पर्सही खांद्यावरच होती. बोलायचं असं ठरवून ती आली नव्हती. पण यंत्र बंद पडल्यावर त्या रिकाम्या खोलीत बसून तिच्या लक्षात आलं होतं, की हा प्रश्न विचारायला आपल्याला बत्तीस वर्षांत एकदाही तोंड उघडता आलं नाही.

"अहो, बाळ गेलं तेव्हा तुम्ही खिडकीशी बसायचात," ती म्हणाली. "काय चालायचं तुमच्या मनात?"

ब्रश थांबला. त्याने वर पाहिलं नाही. "आज हे काय मधेच?"

"सांगा ना."

"समोर इमारत चढत होती. लिफ्टसाठी मधे पोकळी सोडतात ना, ती दिसायची. रोज थोडी वर जायची. तेच बघायचो."

"एवढंच?"

"एवढंच. तुझ्याकडे बघवत नव्हतं. मग कुठेतरी बघायला हवं."

तिने मान हलवली. हे तिने जवळजवळ ओळखलंच होतं. "मला वाटायचं, तुम्ही माझ्यासारखंच काहीतरी ऐकताय. मला वाटायचं, आपण दोघं एकाच ठिकाणी आहोत."

"मी कशाला ऐकतोय? मला त्यातलं काय कळतंय?" तो म्हणाला. मग त्याने बूट खाली ठेवला आणि हाताला लागलेलं काळं वर्तमानपत्राला पुसू लागला. पुसून झालं तरी पुसत राहिला. "मी वाट बघत होतो."

"कसली?"

"तू विचारशील ह्याची."

"मी काय विचारणार? तुम्ही बोलायचं होतंत."

"आलो होतो ना बोलायला." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुला आठवत नसेल. तू दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला असेल. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं, कसं सुरू करायचं, आधी काय सांगायचं. घरात आलो तर तुझी तबकडी चालू होती. मी म्हटलं, ऐक, मला काही सांगायचंय. तू हात वर केलास. असा. बाजू संपेपर्यंत थांबा, म्हणालीस. मी थांबलो. तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिलो. बाजू संपली. मी तोंड उघडलं." तो थांबला. "आणि तू उठून तबकडी उलटलीस."

तिला हे आठवत नव्हतं. तिने आठवून पाहिलं, ती खोली आठवली, पलंगाची चादर आठवली, अंगावरचा दुधाचा वास आठवला. पण पलंगाच्या कडेला बसलेला माणूस कुठेच नव्हता. खिडकीशी बसलेली पाठ होती, हा नव्हता. त्याला खोटं बोलता येत नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. तसं येत असतं तर त्या रविवारी तो ते वाक्य बोललाच नसता.

"मग मी म्हटलं, हिला नको असेल," तो म्हणाला. "आईही म्हणाली होती, काढू नकोस विषय. मग राहूनच गेलं. नंतर नंतर मलाही बरं वाटायला लागलं, कुणी विचारत नाही ते."

"काय सांगायचं होतं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणी तिला वाट दाखवत ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, बास.

"मी तिला पाहिलं होतं," तो म्हणाला.

तिने खांद्यावरची पर्स काढून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली.

"तुला आत टाके घालत होते. नर्सबाई बाहेर आली. म्हणाली, बघायचंय का, लवकर सांगा. मी हो म्हटलं. मला वाटलं नव्हतं मी हो म्हणेन. तिने माझ्या हातात दिलं. हिरव्या कापडात होती. मला वाटलं होतं, वेगळीच काहीतरी दिसेल. तसं काही नव्हतं. नुसती झोपलेली. ओठ जरा जांभळे होते, बाकी काही नाही. केस होते, पुष्कळ. ओले. आणि कान..." त्याने आपल्या कानाला हात लावला. काळं कानाला लागलं, ते त्याला कळलं नाही. "कानाची पाळी अशी पुढे वळलेली. तुझी आहे ना, डावीकडची, तशी. तेवढंच मी तुला सांगायला आलो होतो. बाकी काय सांगणार? म्हटलं, हे तरी हिला कळायला हवं."

तिचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. लहानपणी भाऊ त्या कानावरून चिडवायचे. ती पाळी बोटांत धरून ती बसून राहिली. जे मूल तिने इतकी वर्षं दोन गाण्यांच्या मधे ठेवलं होतं, त्याला चेहरा नव्हता म्हणून ते तिथे मावत होतं. आता त्याला कान होता, ओले केस होते. तिथे आता ते मावणार नव्हतं, आणि दुसरी जागा तिने कधी केलीच नव्हती. आणि हा माणूस ते हातात घेऊन एकटा फिरत होता. लिफ्ट तपासत होता, संध्याकाळी येऊन खिडकीशी बसत होता. ती त्याच्या बाजूला बसून समजत होती की सगळं कळलंय.

"अजून सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, मोठा, वडिलांच्या घरातला. "अजून काय होतं? नाक कसं होतं? बोटं पाहिलीत का? रंग कुणाचा? सगळं सांगा."

त्याने डोळे बारीक केले, कुठल्यातरी लांबच्या मजल्यावरचं बघितल्यासारखे. ओठ हलले. तो खरोखर प्रयत्न करत होता, ते तिला दिसत होतं. कपाळावरची शीर फुगली होती.

"नाही गं," तो अखेर म्हणाला. "तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. खूप दिवस सगळं होतं डोळ्यांसमोर. नखंसुद्धा. मग एकेक करून गेलं. आता केस, कान... आणि एवढी होती." त्याने दोन्ही हात समोर धरले आणि दोन तळव्यांमधे थोडं अंतर ठेवलं. मग ते बरोबर वाटलं नाही म्हणून हात किंचित जवळ आणले, पुन्हा थोडे लांब नेले आणि तिथे थांबवले. "एवढी. हे मात्र पक्कं आठवतं."

ती त्या दोन काळ्या तळव्यांमधल्या जागेकडे बघत राहिली. त्याचे हात अवघडले असतील, तरी तो ते हलवत नव्हता. आता हात खाली घ्या, असं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.